ब्रेकवर ठेवलेला पाय

मिल बंद झाली तेव्हा मी नववीत होते. पुढे माझं कॉलेज संपलं, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्सही झाला, तरी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या चाळीत लोक भोंग्याच्याच वेळी उठत. भोंगा वाजत नव्हता. तो वाजवणारा माणूस आमच्याच ओळीत तिसऱ्या खोलीत राहायचा, आणि तोही त्याच वेळी उठायचा. एकापाठोपाठ एक कड्या वाजायच्या, स्टोव्ह पेटायचे, डबे भरले जायचे. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर मिल जोरात चालू आहे असंच वाटलं असतं.

माझे बाबा त्यात पहिले. खाकी शर्ट, काळे बूट, हातात दोन पुडांचा डबा. जायचे कुठे, तर मिलच्या गेटवर. गेटाला कुलूप. समोरच्या कडुलिंबाखाली त्यांच्यासारखे दहा-बारा जण बसत, पाळी सुटायच्या वेळेपर्यंत बसत आणि उठून घरी येत. मिल उद्या उघडेल, दिल्लीत बोलणं चालू आहे, भोपाळहून कोणीतरी आलं होतं, अशा बातम्या रोज नव्याने यायच्या. आई म्हणायची, "यांनी गेटाचीच सासुरवाडी केली. मान नाही, पान नाही, तरी जातात आपले."

बाबा वार्पिंग खात्यात फिटर होते. कापड विणायच्या आधी ताण्याचे, म्हणजे उभे, शेकडो धागे शेजारी शेजारी ओढून एका मोठ्या लोखंडी रुळावर गुंडाळावे लागतात. त्या रुळाला बीम म्हणतात. शेकडोंतला एक धागा तुटला तरी बीम तिथल्या तिथे थांबला पाहिजे, नाहीतर तुटलेलं टोक आत गुंडाळलं जातं आणि मग काही केल्या सापडत नाही. बाबांचं काम त्या बीमचे ब्रेक ठीक ठेवायचं आणि लावून बघायचं. मशीनखाली, जमिनीलगत, एक लांब पट्टी असायची. ती पायाने दाबली की ब्रेक लागायचा. नव्या माणसाला ते एकच गोष्ट शिकवत, "पाय पट्टीवर ठेवायचा. दाबायचा नाही, उचलायचा पण नाही. नुस्ता ठेवायचा." त्यांचा जोडीदार एकदा तुटलेला धागा काढायला वाकला आणि त्याचा हात बीममध्ये गेला, तेव्हा पट्टीवर कोणाचाच पाय नव्हता. बाबा चार पावलांवर उभे होते. हे त्यांनी मला जन्मात एकदाच सांगितलं, तेही अर्धवट.

त्या अपघातापासून त्यांचा उजवा पाय कधी मोकळा राहिला नाही. खुर्चीवर बसले की तो टेबलाच्या आडव्या दांडीवर जायचा, बोटं किंचित वर, टाच टेकलेली. टेम्पोत बसले की समोरच्या सीटच्या लोखंडावर. संध्याकाळ झाली की तोच पाय दुखायचा. आई तेल कोमट करून तो मांडीवर घ्यायची आणि घोट्यापासून बोटांपर्यंत चोळायची. मिल चालू असताना चोळायची आणि बंद झाल्यावरही चोळत राहिली. पट्टी गेली होती, पण पाय दुखायचा काही थांबला नव्हता. आई शिवणकाम करायची, तिच्या मशीनच्या पायडलवर मात्र ती त्यांना पाय ठेवू द्यायची नाही. एकदा त्यांनी ते 'ठीक' करून दिलं होतं, तेव्हापासून मशीन असं खाडकन थांबायचं की सुई मोडायची.

मला बाबांना त्या गेटवरून उठवायचं होतं. त्या वर्षांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला भीती वाटायची की ते तिथे बसून बसून एक दिवस गेटाचाच भाग होऊन जातील. संध्याकाळी परत येताना त्यांना कधी उशीर झाला तर मी चाळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. दुरून खाकी शर्ट दिसला की हायसं वाटायचं आणि लगेच त्यांचा राग यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरात जिकडे तिकडे काचेची दुकानं निघत होती. मला राजवाड्यामागे एका गेम पार्लरमध्ये नोकरी लागली. मालक तिशीतला. त्याचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते म्हणे, पण त्याच्या वाट्याला फौजेतला फक्त आवाज आला होता. सगळे त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणत, मीही म्हणायचे. घराच्या खालच्या दुकानात त्याने सहा कॉम्प्युटर मांडले होते. त्यातल्या दोनांना स्टिअरिंग आणि पायाखाली दोन पेडलं लावलेली. मोटारींच्या शर्यतीचा गेम त्यावर खेळायचा. शाळा सुटली की पोरं रांग लावायची.

ही स्टिअरिंगं कुठल्यातरी देशात वापरून टाकलेली, मुंबईमार्गे आलेली. महिन्याभरात पोरांनी पेडलं लाथा घालून खिळखिळी केली. पेडलच्या आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं एक बटण असतं. पायाने पेडल दाबलं की ते फिरतं आणि कॉम्प्युटरला एक आकडा जातो. स्प्रिंग ढिली झाली की पेडल पूर्ण वर येत नाही, आकडा मध्येच लोंबकळतो. मग चालवणाऱ्याच्या मनात एक आणि गाडीच्या मनात दुसरंच. दोन नंबरच्या मशीनवर तर ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना.

"ताई, कोई मिस्त्री आहे का ओळखीचा?" भियाने विचारलं. "कंपनीवाले तर फोनच नाही उचलत."

मी म्हटलं, "आहे. ब्रेकचाच मिस्त्री आहे."

बाबांना आणणं सोपं गेलं नाही. मी सांगितलं की एका मशीनचा ब्रेक लागत नाही. ते म्हणाले, "कसलं मशीन?" मी म्हटलं, "येऊन बघा." गेम म्हटलं असतं तर ते आलेच नसते. ते आले, पेडलं बघितली, पडद्यावरची लाल गाडी बघितली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवून जत्रेला आणलंय. पण मग खाली वाकून त्यांनी हाताने ब्रेकचं पेडल दाबलं. दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना मान कलती केली, आणि मला कळलं की आता ते जाणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सियागंजच्या बाजारात गेले. स्प्रिंगच्या दुकानात त्यांनी तासभर घालवला. प्रत्येक स्प्रिंग अंगठ्याने दाबायची, डोळे मिटायचे, खाली ठेवायची. दुकानदार वैतागला. "काकाजी, शादी के लिए लडकी देख रहे हो क्या?" बाबा हसले. कित्येक वर्षांनी मी त्यांना घराबाहेर हसताना पाहिलं. शेवटी दोन स्प्रिंग निवडल्या. ब्रेकच्या पेडलखाली मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट घातली. मिलमधल्या मशीन फिरवणाऱ्या पट्ट्याच्या चामड्याचा एक तुकडा त्यांनी इतकी वर्षं पेटीत जपून ठेवला होता. त्याचे दोन चौकोन कापून, एकावर एक चिकटवून, त्यांनी ते स्प्रिंगमागे बसवले. आता पेडल सुरुवातीला सहज जायचं आणि मग चामड्याला टेकलं की जोर मागायचं. "आता पायाला कळेल," ते म्हणाले.

मग कॅलिब्रेशन. म्हणजे कॉम्प्युटरला शिकवायचं की हे पेडल मोकळं असलं की कसं असतं आणि पूर्ण दाबलं की कसं असतं. ते काम माझं. मी कीबोर्डपाशी, बाबा सीटवर. पडद्यावर इंग्रजीत पहिली सूचना आली. पेडलं मोकळी सोडा आणि बटण दाबा.

"बाबा, पाय सोडा."

"सोडलाय."

मी वाकून पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. बोटं किंचित वर, टाच टेकलेली.

"सोडलाय कुठे? उचला ना."

"चालू मशीनवर पाय उचलत नाहीत बेटा. नुस्ता ठेवलाय. दाबलेला नाही."

"अहो, त्याला मोकळं पेडल दाखवायचं आहे."

"हेच मोकळं," ते म्हणाले. "पाय ठेवलेला असतो तेव्हाच मशीन मोकळं असतं."

मागे चार पोरं खोळंबली होती, भिया घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, मरू दे, आणि बटण दाबलं. पुढच्या सूचना त्यांनी तंतोतंत पाळल्या. ॲक्सिलरेटर तळाला नेला, ब्रेक तळाला नेला, आणि परत पाय ब्रेकवर, नुस्ता.

त्या जुन्या सेटमध्ये एक गंमत होती. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोघांचा मिळून कॉम्प्युटरला एकच आकडा जायचा. आकडा मधोमध असला की गाडी उभी. एका अंगाला झुकला की वेग, दुसऱ्या अंगाला झुकला की ब्रेक. आम्ही त्याला मधोमध म्हणून जे शिकवलं होतं, त्यात बाबांच्या पायाचं वजन धरलेलं होतं. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

दुपारी पार्लर रिकामं असायचं. मी आतल्या खोलीतून चहा गाळून आणला आणि पाहिलं तर दोन नंबरच्या पडद्यावर गाडी चालली होती. सीटवर कोणी नव्हतं. स्टिअरिंग जागच्या जागी. इंजिनाचा हलका घुमारा येत होता आणि गाडी सरावाच्या रस्त्यावरून अगदी सावकाश पुढे सरकत होती. सुरुवातीची पांढरी रेघ तिने ओलांडलेली होती. वळण आलं, पण वळवणारं कोणी नव्हतं, म्हणून ती सरळ जाऊन भिंतीला टेकली. टेकूनही थांबली नाही. भिंतीला हलकेच रेटत राहिली.

कारण मला अर्ध्या मिनिटात उमगलं. पाय नाही, म्हणजे ब्रेकवरचं ते वजन नाही, म्हणजे आकडा मधोमधवरून वेगाच्या अंगाला झुकलेला. साधा हिशोब. तरी ती गाडी कोणाचा तरी पाय शोधत चालली आहे असं मला वाटलं, आणि ते वाटणं हिशोब समजल्यावरही गेलं नाही.

भिया तर उघडच घाबरला. "ओ ताई, ये क्या भूत-बीत बसवलं काकाजींनी? आपल्या आप चालतेय!"

पोरांनी मात्र ते मशीन डोक्यावर घेतलं. त्याला नाव पडलं भूतवाली. एक नंबर रिकामं असलं तरी पोरं दोन नंबरसाठी थांबायची. आणि ते चालवायला शिकवायचे बाबा. रोज सकाळी खाकी शर्ट घालून, डबा घेऊन, पाळीच्या वेळेला ते आता पार्लरवर येऊ लागले. कडुलिंबाखालची त्यांची जागा रिकामी राहू लागली. त्यांचे सोबती एकदा चौकशीला घरी आले तेव्हा आईने अगदी तोऱ्यात सांगितलं, "ते कामावर गेले आहेत." ते वाक्य उच्चारायला मिळालं म्हणून ती दिवसभर खूश होती.

दोन नंबरच्या बाजूला स्टूल टाकून बाबा बसत. "पाय ठेव. दाबू नको, ठेव." पोरगं पाय उचलायचं आणि गाडी निघायची. "बघितलं? तू उचललास, ती गेली." पोरं शिकली. पाय नुस्ता ठेवायला शिकली की गाडी रेघेवर गुपचूप उभी राहायची, आणि हिरवा दिवा लागला की सुटायची. ब्रेक तर असा झाला होता की वळणावर गाडी बोटभर जागेत थांबायची. पोरांना वेगाची हौस, बाबांना थांबण्याची. पण तीन महिने त्यांचं मस्त जमलं. संध्याकाळी आई पाय चोळायला बसली की ते तिला सांगत, अमक्याचा पाय जड आहे, तमक्याचा पाय थरथरतो. आई म्हणायची, "अख्ख्या इंदुरात पायच दिसतात वाटतं तुम्हाला."

आता मी केलं ते सांगते.

भियाने रविवारी शर्यत ठेवायचं ठरवलं. एक नंबर विरुद्ध दोन नंबर. बाहेरची, मोठ्या घरांतली मुलं येणार होती. त्यातला एक आदल्या आठवड्यात येऊन दोन नंबरवर बसला आणि पाय वर घेऊन आरामात बसल्यावर गाडी निघाली, तसा बिथरला. "अंकल, ये तो खराब है," तो बाबांना म्हणाला. बाबा त्याला पाय ठेवायला शिकवायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ये कौन है?" मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मिस्त्री आहेत." बाबांनी ते ऐकलं. खरं तर त्यात खोटं काही नव्हतं.

भिया मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्हीच सेट करून टाका ना चुपचाप. काकाजींना कशाला सांगायचं? दोन्ही मशीन सेम पाहिजेत, बस."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या आधी गेले. घरात सांगितलं की झाडलोट आहे. पार्लर उघडलं, दोन नंबर चालू केलं, सीटवर बसले आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. पडद्यावर सूचना आली. पेडलं मोकळी सोडा. बटण दाबलं. दोन मिनिटांचं काम. जुने आकडे मी कुठे लिहून ठेवले नाहीत. लिहून ठेवावेत असं मनातसुद्धा आलं नाही. उलट बरं वाटलं. मला त्या खाकी शर्टाची लाज वाटायला लागली होती, हे आज कबूल करते. ज्या माणसाला मी गेटवरून उठवून आणलं, त्याची मला तीन महिन्यांत लाज वाटायला लागली.

बाबा आले. डबा कोनाड्यात ठेवला. रोजच्याप्रमाणे सीटवर बसले, पाय ब्रेकवर ठेवला. पडद्यावरच्या गाडीचे मागचे दोन दिवे लाल झाले. आधी होत नसत. आता ठेवलेला पाय म्हणजे दाबलेला ब्रेक झाला होता. त्यांनी त्या लाल दिव्यांकडे बराच वेळ पाहिलं. मी काउंटरवर उगाच कागद चाळत होते.

मग त्यांनी पाय उचलला. मी त्यांना चालू मशीनवर पाय असा मोकळा उचलताना कधीच पाहिलं नव्हतं. तो हवेत धरून ते गाडीकडे बघत राहिले. गाडी हलली नाही. रेघेवर उभीच राहिली.

"आता पाय लागत नाही वाटतं," ते म्हणाले.

आणि मी म्हणाले, "हो बाबा. आता नाही लागत."

ते थोडा वेळ बसले, आलेल्या एका पोराला जागा करून दिली, त्याला काही शिकवलं नाही. जेवणाच्या वेळी डबा उघडला नाही. घरी जाताना भियाला मात्र त्यांनी सांगितलं, "चामडं दर दोन महिन्यांनी बघत जा भिया, दबतं." रविवारची शर्यत मस्त झाली असं सगळे म्हणाले. बाबा आले नाहीत. सोमवारी सकाळी ते खाकी शर्ट घालून, डबा घेऊन निघाले आणि गेटवर गेले. मी दोनदा म्हटलं, "बाबा, चला ना पार्लरला." ते म्हणाले, "तिथे सगळं ठीक चाललंय." संध्याकाळी पाय चोळताना आता ते काही सांगत नसत. आईने मला विचारलं, "काय झालं तिकडे?" मी म्हटलं, "काही नाही."

पुढच्या वर्षी मिलचं गेट उघडलं. आत ट्रक गेले आणि मशीनं भंगारात बाहेर यायला लागली. आठ-दहा दिवस ते चाललं. बाबा आणि त्यांचे सोबती कडुलिंबाखाली बसून बघत होते. वार्पिंगचे बीम निघाले त्या दिवशी मी त्यांना घ्यायला गेले होते. ट्रक खड्ड्यात गेला की वरचे बीम एकमेकांवर आपटायचे आणि बाबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. दर वेळी. त्यांना ते कळत नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

दोन वर्षांनी, थंडीत, दुपारी, खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. आईला वाटलं डोळा लागलाय. पाय टेबलाच्या दांडीवर होता. शेजारच्यांनी त्यांना खाली घ्यायला धरलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "पाय उचला." तो मीच उचलला. जड होता की हलका, हे मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं आहे.

पार्लरही पुढे बंद पडलं. घरोघरी कॉम्प्युटर आले, मग घरोघरी मोबाइल आले. भियाने दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं आणि जुनं सामान काढताना मला दोन नंबरचा सगळा सेट देऊन टाकला, कॉम्प्युटरसकट. त्या सेटची जुनी पिन नव्या कॉम्प्युटरला लागतच नाही. मी आता एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मी आणि आई, दोघी असतो. सेट कित्येक वर्षं पलंगाखाली पडून होता.

गेल्या हिवाळ्यात तो बाहेर काढला. कशासाठी, ते नीट सांगता येत नाही. मला ती गाडी परत चाललेली पाहायची होती. चामडं दबून पातळ झालं होतं, पण होतं. मशीन चालू झालं, गेम चालू झाला, लाल गाडी रेघेवर उभी राहिली. उभीच राहिली, कारण मी मांडी घालून लावलेलं कॅलिब्रेशनच त्यात होतं. इतकी वर्षं त्या मशीनच्या पोटात माझी ती सकाळ होती.

ते पुसणं सोपं होतं. ब्रेकवर वजन ठेवायचं आणि बटण दाबायचं. पण किती वजन? मी माझा पाय ठेवून बटण दाबून पाहिलं. पाय काढला तर गाडी हललीच नाही. जरा जास्त ठेवला, तर सुसाट जाऊन भिंतीवर आदळली. मग अर्धा किलोचं वजन ठेवलं, एक किलोचं ठेवलं, दोन्ही ठेवली, तांदळाची पुरचुंडी ठेवली. मला गाडीची चाल पक्की आठवत होती. मी आत जाऊन चहा गाळून आणेपर्यंत ती भिंतीला टेकायची. एकदा लवकर टेकली, एकदा चहा निवला तरी रस्त्यातच होती. तीन दिवस मी हे करत होते. शाळेतून यायचे, वजनं मांडायचे आणि रडायचे. वडिलांच्या पायाचं वजन एका मशीनला माहीत होतं, ते मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी आई मागे येऊन उभी राहिली. तिला आता कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. "काय करतेस गं तीन दिवस? धाडधाड आवाज येतो नुसता."

मी तिला सगळं सांगितलं. भूतवाली, ती सकाळ, लाल दिवे, त्यांनी उचललेला पाय, आणि मी दिलेलं उत्तर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

"कुठे ठेवायचे ते पाय? दाखव."

मी तिचा हात धरून ब्रेकच्या पेडलवर नेला. तिने बोटांनी पेडल चाचपलं, चामड्याची कड चाचपली. मग तळहात त्यावर ठेवला आणि डोळे मिटले. थोडा दाबला, थोडा सैल केला, परत थोडा दाबला. तीस वर्षं रोज संध्याकाळी तो पाय तिच्या मांडीवर होता.

"इतका," ती म्हणाली. "टाक तुझं बटण."

मी बटण दाबलं. पुढच्या सूचना पाळल्या, आणि शेवटी परत तिचा हात, तितकाच. मग तिला म्हटलं, "आई, आता काढ हात."

तिने हात उचलला. गाडी हलली. पांढरी रेघ ओलांडून सावकाश, हलक्या घुमाऱ्यात, पुढे निघाली. तीच चाल होती. मला चहा गाळून बघायची गरज नव्हती. मी आईच्या खांद्याला धरून बसले होते.

"चालली का?" आईने विचारलं.

"चालली."

"कोण आहे आत?"

"कोणी नाही गं. पाय नाही ना, म्हणून चालते."

आईने चाचपत हात परत पेडलवर ठेवला. दाबला नाही, नुस्ता ठेवला. गाडी भिंतीच्या अलीकडे हळूहळू थांबली. मागचे दिवे लाल झाले नाहीत.

"थांबले ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग राहू दे असंच थोडा वेळ. मी बसते इथे. तू चहा टाक."

मी चहा टाकायला उठले.